मुदत संपते तेव्हा

बहुतेक घरांत कागदपत्रांची एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात सातबाराचा उतारा असतो, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या असतात, विम्याचा कागद असतो, एखादा परवाना असतो, आजोबांच्या वेळचे खरेदीखत असते. ही पेटी सहसा दोन वेळा उघडली जाते. घरात कोणी गेले म्हणजे, नाही तर दाराशी नोटीस येऊन पडली म्हणजे. मग कागद उलगडायचा, चष्मा लावायचा, आणि तळाशी बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते वाचायचे. तिथे लिहिलेले असते, 'मुदत अमुक तारखेपर्यंत.' आणि ती तारीख तर केव्हाच उलटून गेलेली असते!

गंमत पाहा. जमीन तीच, माणूस तोच, घरही तेच. कोणी भांडण काढले नाही, कोणी काही हिसकावून नेले नाही. फक्त एक दिवस आला आणि गेला. पण कालपर्यंत जो हक्क होता तो आज राहिला नाही.

ही मुदत नावाची चीज आली कुठून? ती कोणी कोणावर घालायची? आणि ती नव्याने वाढवून घेतली नाही तर काय होते? याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. आज मी तुम्हांला दोन गोष्टी सांगणार आहे. एक आपल्या मुलखातल्या इनामदारांची आहे, दुसरी ईस्ट इंडिया कंपनीची. वरवर पाहता दोहोंचा संबंध दिसत नाही. पण १८५२-५३ च्या सुमारास या दोन गोष्टी एकमेकींना येऊन भिडतात, आणि तिथेच आपल्याला शिकण्यासारखे काही सापडते.

आधी आपल्या घरची गोष्ट.

जुन्या काळी राजाने एखाद्या माणसाला जमीन इनाम दिली, किंवा पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी असे वतन बहाल केले, म्हणजे त्याचा कागद होत असे. राजा तर दूर असायचा, त्यामुळे प्रत्यक्ष अंमल चालायचा परगण्याच्या अधिकाऱ्याचा. हा अधिकारी बदलला की नवा येणारा म्हणे, 'जुना कागद ठीक आहे, पण माझ्या नावचे नवे पत्र कुठे आहे?' या नव्या पत्राला खुर्दखत म्हणत. ते आणायचे म्हणजे कचेरीत खेटे घालायचे, मुक्काम करायचा, कारकुनाचा हात ओला करायचा. मूळ इनाम दहा बिघे जमिनीचे, आणि दरसाल नवे पत्र काढण्यात निम्मे पीक जायचे, अशी गत!

म्हणून शहाण्या माणसांनी त्यावर एक तोड काढली. आदिलशाही-निजामशाहीतल्या आणि पुढे मराठेशाहीतल्या कित्येक इनामपत्रांच्या शेवटी एक ठराविक मजकूर आढळतो. त्याचा अर्थ असा : दरसाल ताज्या खुर्दखताबद्दल उजूर, म्हणजे हरकत, करू नये. या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र ज्याचे त्याला परत द्यावे. इतिहासाच्या शिक्षकांनी असा एखादा कागद वर्गात मुलांना जरूर वाचून दाखवावा. तीनचारशे वर्षांपूर्वी नूतनीकरणाच्या कटकटीतून सामान्य वतनदाराला वाचवण्याचा विचार राज्यकर्त्याने केला होता, ही लहान गोष्ट नव्हे.

बरे, अस्सल कागदच हरवला तर? घर जळाले, गावावर धाड आली, वाळवी लागली, तर? तेव्हा गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, गावोगावचे जाणते लोक एकत्र जमत. वाद्याने आणि प्रतिवाद्याने आपापली हकीकत सांगावी, साक्षी व्हाव्यात, आणि मग जो निकाल होईल त्याचा महजर लिहावा. त्या महजरावर सह्या कशा असत? ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याची खूण काढी. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, ज्याचे जे हत्यार ते. म्हणजे कागद मेला तरी गावाची आठवण जिवंत असे, आणि त्या आठवणीतून नवा कागद जन्माला येई.

आता हे सारे रामराज्य होते असे मात्र कोणी समजू नये. गोतसभेतही वजनदार माणसाचा शब्द जड पडे. शिवाय इनामदाराच्या शेतात घाम गाळणारे कूळ, किंवा वतनाच्या नावाखाली साऱ्या गावाची राबणूक करणारा महार, यांना त्या इनामपत्राच्या गोडव्याचा कितीसा घास मिळत होता? तेव्हा जुने ते सगळे सोने, असे मला म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच आहे की, हक्काला तारखेची कात्री लागू नये म्हणून त्या व्यवस्थेत काही सोय केलेली होती.

आता दुसरी गोष्ट, कंपनीची.

इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी जन्मली तीच मुळी मुदतीच्या कागदावर. ३१ डिसेंबर १६०० या दिवशी एलिझाबेथ राणीने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. सनद किती वर्षांची? फक्त पंधरा! पुढे १६०९ साली जेम्स राजाने मुदत काढून टाकली, पण हा व्यापार राज्याला फायद्याचा नाही असे दिसले तर तीन वर्षांची सूचना देऊन सनद बंद करता येईल, अशी अट घातली.

या कंपनीवरही एकदा आपल्यासारखाच प्रसंग आला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १६९३ साली तिच्या भांडवलावर कर बसला. ठरल्या दिवशी पहिला हप्ता भरला नाही तर सनद रद्द, असा कायदा होता. आणि कंपनीने हप्ता वेळेवर भरला नाही! आपल्याकडे विम्याचा हप्ता चुकावा तसेच झाले. सनद गेली. अर्थात कंपनीच्या गाठीला पैसा होता आणि दरबारात ओळखी होत्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तिला नवी सनद मिळाली. पुढे १६९५ मध्ये पार्लमेंटने चौकशी केली तेव्हा या कामी कंपनीने हजारो पौंड लाचेत वाटल्याचा बोभाटा झाला, आणि कंपनीचा गव्हर्नर सर टॉमस कुक याला लंडनच्या किल्ल्यात कैदेत पडावे लागले. इतके होऊनही कंपनी मेली नाही. मुदत चुकली तरी मोठा मनुष्य उठून उभा राहतो, लहान मनुष्य मात्र तिथेच बसतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढे कंपनी व्यापारी राहिली नाही, मुलखाची धनीण झाली. मग पार्लमेंटने तिला वीस वीस वर्षांच्या मुदतीवर बांधले. १७९३ साली वीस वर्षे, १८१३ साली वीस वर्षे, १८३३ साली पुन्हा वीस वर्षे. आता या वीस वर्षांच्या मुदतीने काय साधले ते पाहा.

मुदत संपत आली की पार्लमेंटमध्ये चौकशी सुरू होई. कंपनीचा कारभार कसा चालला आहे, पैसा कुठे गेला, रयतेची स्थिती काय आहे, असे प्रश्न विचारले जात. १८१३ च्या आधी अशीच चौकशी झाली तेव्हा ऐंशी वर्षांचा म्हातारा वॉरन हेस्टिंग्ज साक्षीला उभा राहिला होता. टॉमस मन्रो आणि जॉन माल्कम यांच्याही साक्षी झाल्या. हाच माल्कम पुढे १८१८ साली दुसरा बाजीराव शरण आला तेव्हा समोर होता, आणि नंतर मुंबईचा गव्हर्नरही झाला.

त्या १८१३ च्या सनदेने दोन मोठ्या गोष्टी घडल्या. चहाचा व्यापार आणि चीनचा व्यापार वगळता कंपनीचा मक्ता गेला. आणि हिंदी लोकांच्या शिक्षणासाठी दरसाल निदान एक लाख रुपये बाजूला काढावेत, असे कलम त्या कायद्यात आले. शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या देशात सरकारी तिजोरीतून शिक्षणाला पैसा देण्याचे बंधन कायद्याने आले ते इथे, आणि आले ते एका परवान्याची मुदत संपत आली होती म्हणून! ते लाख रुपये पहिली दहा वर्षे बव्हंशी तसेच पडून राहिले, ही गोष्ट वेगळी. कागदावर आलेले कलम अंमलात यायला आणखी एक लढाई करावी लागते, हेही आपल्याला नवे नाही.

१८३३ ची मुदत भरत आली तेव्हा राजा राममोहन रॉय इंग्लंडमध्ये होते. न्याय आणि महसूल यांच्या कारभाराबद्दल त्यांनी पार्लमेंटच्या समितीला लेखी जबाब दिला आणि रयतेची दैन्यावस्था मांडली. त्या वेळच्या कायद्याने कंपनीचा चीनचा मक्ताही गेला. धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कोणाही हिंदी माणसाला सरकारी जागेसाठी अपात्र ठरवू नये, असे कलमही त्यात घालण्यात आले.

आणि मग आली १८५३ ची पाळी. या वेळी मात्र आपली माणसे आधीपासून जागी होती. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन झाली. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नौरोजी ही मंडळी तिच्यात होती. सनदेची मुदत संपत आली आहे, तेव्हा आपले म्हणणे पार्लमेंटपुढे गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी अर्ज पाठवला : कारभार खर्चाचा आणि गुंतागुंतीचा झाला आहे, हिंदी लोकांना वरच्या जागा मिळत नाहीत, कायदे करणाऱ्या मंडळात त्यांना जागा द्या. कलकत्ता आणि मद्रास इथूनही असेच अर्ज गेले. आपल्या देशातल्या संघटित राजकारणाचा आरंभ ज्या गोष्टींमुळे झाला, त्यांत कंपनीच्या सनदेची संपत आलेली मुदत ही एक ठळक गोष्ट होती. मुदत नसती तर अर्ज कशाबद्दल करायचा होता, आणि कोणत्या दिवसापूर्वी?

इथे पहिली गोष्ट दुसरीला येऊन मिळते.

ज्या १८५२ साली कंपनी लंडनमध्ये आपल्या सनदेसाठी हात जोडून उभी होती, त्याच साली तिच्या इथल्या सरकारने दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्र यांसाठी एक कायदा केला. १८५२ चा अकरावा कायदा. त्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. चौकशी १८४३ पासूनच धारवाडकडे सुरू झालेली होती, आता तिला कायद्याची धार आली. ज्याच्याकडे सारामाफीची जमीन असेल त्याने ती कोणत्या हक्काने खातो हे सिद्ध करावे. सिद्ध झाले नाही तर सारा बसेल.

म्हणजे पाहा, स्वतः वीस वर्षांच्या परवान्यावर जगणारी कंपनी इथल्या माणसाला विचारत होती : तुझा परवाना दाखव!

आणि पुरावा तरी कसला? नियम साधारण असे होते. अधिकार असलेल्या राजसत्तेने वंशपरंपरेने दिल्याची सनद असेल तर प्रश्न नाही. सनद नसेल तर इंग्रजी अंमल येण्यापूर्वी साठ वर्षांची अखंड वहिवाट दाखवावी, आणि अंमल आला तेव्हा जमीन मूळ घेणाऱ्याच्या नातवाच्या किंवा त्याखालच्या वंशजाच्या हाती असावी. मग पुरुष वंश आहे तोवर इनाम चालेल. चाळीस वर्षांचीच वहिवाट दाखवता आली तर इंग्रजी अंमल आला तेव्हाच्या धारकानंतर आणखी एकाच पिढीला मिळेल, आणि मग खलास.

हिशेब करून पाहा. पुण्याकडे इंग्रजी अंमल आला १८१८ साली. त्याच्या आधी साठ वर्षे म्हणजे १७५८. पानिपतच्याही तीन वर्षे अगोदरची वहिवाट, आणि ती सिद्ध करायची १८५२ नंतर! मधल्या काळात लढाया झाल्या, दुष्काळ पडले, पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या. किती घरांत नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचा कागद शाबूत राहिला असेल? सरकारजवळ पुण्याचे पेशवे दफ्तर होते, त्यात नोंद शोधली जाई. पण दफ्तर सरकारच्या ताब्यात, शोधणारे सरकारचे, निकाल देणारेही सरकारचेच. दिवाणी कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. अपील करायचे तर ते पुन्हा सरकारकडेच. महजरावर नांगराची खूण काढणारा गाव या व्यवहारात कुठेच नव्हता.

बरे, १८१८ साली एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जो जाहीरनामा काढला होता, त्यात वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानची उत्पन्ने यांचे रक्षण होईल असे वचन होते. लोक त्या वचनावर निश्चिंत राहिले. वचनाला मुदत असते, किंवा पुढे कधी तरी ती घालता येते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

परिणाम काय झाला? १८५७ च्या आधीच्या पाचसहा वर्षांत कमिशनने सुमारे वीस हजार इनामे खालसा केली, असा आकडा इतिहासाच्या पुस्तकांतून दिलेला असतो. न्यायाने हेही सांगायला हवे की त्या इनामांत बनावट कागदांचीही होतीच. पेशवाईच्या पडत्या काळात ज्याच्या हाती शिक्का त्याने सनदा वाटल्या होत्या. आणि इनामदाराचे इनाम गेले म्हणून कुळाच्या घरी तूप-पोळी शिजली असेही नाही. त्याने पूर्वी इनामदाराला द्यायचे ते आता सरकारला द्यायचे, इतकेच. लोकहितवादी गोपाळराव देशमुखांसारखा रयतेचा कळवळा असलेला विद्वान काही काळ या कमिशनच्या कामावर होता, हेही विसरता येत नाही. तेव्हा चौकशी करण्यालाच दोष देणे बरोबर नाही. दोष होता तो एकाच पक्षाने मुदत ठरवावी, मागच्या तारखेपासून ठरवावी, आणि न्यायही त्यानेच करावा, या रीतीत.

राजेरजवाड्यांच्या बाबतीत हीच रीत दत्तकाच्या रूपाने आली. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले. बाजीरावाचे आठ लाखांचे सालिना पेन्शन १८५१ साली त्याच्या मरणाबरोबर थांबले, दत्तकपुत्र नानासाहेबाला ते मिळाले नाही. नरगुंदच्या भावे संस्थानिकांना दत्तकाची परवानगी नाकारली गेली. १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदकर बाबासाहेब बंड करून उठले, तेव्हा त्यांच्या हातून जो मॅन्सन नावाचा इंग्रज अधिकारी मारला गेला, तो पूर्वी इनाम कमिशनच्या कामावर असलेला होता. बाबासाहेबांना बेळगावास फाशी झाली. एका न वाढवलेल्या हक्काची किंमत दोन्ही बाजूंनी अशी मोजावी लागली.

आता कंपनीकडे पुन्हा वळू. १८५३ साली तिला सनद मिळाली, पण एक फरक करून. या वेळी वर्षांचा आकडाच नव्हता. 'पार्लमेंट दुसरे काही ठरवीपर्यंत' कंपनीने राज्य पाहावे, एवढेच म्हटले होते. वीस वर्षांच्या मुदतीत कंपनी तीनदा सुखरूप पार पडली, आणि बिनमुदतीची सनद मिळाली ती अवघी पाच वर्षे टिकली! १८५७ चा उठाव झाला आणि २ ऑगस्ट १८५८ च्या कायद्याने राज्य राणीकडे गेले.

पण कंपनीला कोणी रिकाम्या हाताने घालवले का? नाही. १८३३ च्याच कायद्यात तिच्या भागीदारांची सोय झाली होती. साठ लाख पौंड भांडवल, त्यावर शेकडा साडेदहा दराने नफा, म्हणजे दरसाल सहा लाख तीस हजार पौंड, चाळीस वर्षेपर्यंत. आणि हे द्यायचे कोणी? हिंदुस्थानच्या महसुलाने. म्हणजे राज्य गेल्यावरही सोळा वर्षे कंपनीचा नफा आपल्या रयतेच्या साऱ्यातून चालू होता. शेवटी शंभराच्या भागाला दोनशे या दराने भांडवल परत करण्याचे ठरले, आणि १ जून १८७४ रोजी कंपनी संपली. कंपनीचा हक्क संपवताना चाळीस वर्षांची आगाऊ सूचना आणि दुप्पट रक्कम. इनामदाराचा हक्क संपवताना नव्वद वर्षांपूर्वीचा कागद दाखव, नाही तर चालू लाग. हा तोल ध्यानात ठेवा. इनामदारांच्या बाबतीत सरकारला पुढे नमते घ्यावे लागले, हेही खरे. १८६३ च्या कायद्यांनी, चौकशीत न शिरता ठराविक जुडी आणि नजराणा भरायला कबूल होईल त्याचे इनाम कायम करण्याची सोय झाली. पण तोवर अनेकांचे जायचे ते गेले होते.

आणखी एक गोष्ट. राणीचे राज्य आले, त्याला तर मुदतच नव्हती. मग वीस वर्षांनी होणारी ती पार्लमेंटची चौकशीही बंद पडली. आपल्या जुन्या पुढाऱ्यांना ही उणीव फार जाणवली. कंपनीच्या राज्यात वीस वर्षांनी का होईना कोणी विचारीत होते, आता तेही नाही, अशी त्यांची तक्रार असे. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेची पहिली बैठक भरली, तिचा पहिलाच ठराव कोणता होता? हिंदुस्थानच्या कारभाराची रॉयल कमिशनमार्फत चौकशी करा, हा! राज्यकर्त्याच्या परवान्याची तारीख पुसली गेल्यावर प्रजेला काय गमवावे लागते, ते या ठरावावरून समजते.

तेव्हा श्रोतेहो, या दोन गोष्टींचे सार असे निघते. मुदत ही चीज मुळात वाईट नाही. सत्तेवर घातलेली मुदत प्रजेला बोलायची संधी देते. गरिबाच्या हक्कावर, त्याला न कळवता घातलेली मुदत मात्र त्याचा गळा कापते.

स्वराज्यात आपण पहिल्या प्रकारची मुदत कसोशीने घातली. लोकसभा पाच वर्षांची, विधानसभा पाच वर्षांची, ग्रामपंचायतही पाच वर्षांची. मुदत संपण्यापूर्वी पंचायतीची निवडणूक व्हावी, असे राज्यघटनाच सांगते. ती झाली नाही तर प्रशासक येतो. महाराष्ट्रातल्या कित्येक स्थानिक संस्थांवर २०२२ पासून बराच काळ प्रशासक होते. तेव्हा गावकऱ्याला प्रश्न विचारायला आपला निवडून दिलेला माणूस समोर नव्हता. सत्तेची मुदत संपणे पुरेसे नाही, ती वेळेवर नवी होणेही तितकेच गरजेचे, हे त्यातून दिसले.

दुसऱ्या प्रकारची मुदतही आपल्याकडे आहे. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ चा, अंमलात आला १९५९ मध्ये. महार वतनाची वेठ संपावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ पासून कायदेमंडळात झगडा केला होता. वतन गेले हे फार चांगले झाले. वतनाच्या जमिनी कसणाऱ्या वतनदाराला पुन्हा द्यायच्या असेही ठरले. पण त्यासाठी कब्जेहक्काची ठराविक रक्कम, ठराविक मुदतीत, सरकारात भरायची होती. न भरली तर कायद्याच्या भाषेत तो माणूस आपल्याच जमिनीवर बेकायदा कब्जेदार ठरत होता. कागद वाचता न येणाऱ्या, चावडीवरची नोटीस कोणी वाचूनही न दाखवलेल्या माणसाला ही तारीख कळायची कशी? रक्कम फार मोठी नव्हती. मोठे होते ते तारखेचे अज्ञान.

आणि मुदत संपताना आवाजही होत नाही, हे एका ताज्या उदाहरणावरून पाहा. घटनेने लोकसभेत व विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवल्या, आणि अँग्लो-इंडियन समाजाच्या नेमणुकीची सोय केली, ती मुळात दहा वर्षांसाठी. दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करून ती मुदत वाढत आली. २०२० साली राखीव जागांची मुदत २०३० पर्यंत वाढली, पण अँग्लो-इंडियन नेमणुकीची वाढवली नाही. सत्तर वर्षांची सोय संपली. ती रद्द करणारे वेगळे कलम कोणी लिहिले नाही, नूतनीकरण केले नाही, एवढेच. ते योग्य की अयोग्य याचा वाद इथे नको. पण एखादी गोष्ट मोडायला हात उगारावा लागत नाही, नुसता हात आखडला तरी पुरतो, हे ध्यानात घ्या.

मग आपण काय करावे? फार मोठे काही नको. घरात कोणी वारले तर वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी, असे जमीन महसुलाचा कायदा सांगतो. ती दिली नाही म्हणून हक्क बुडत नाही, पण पुढच्या पिढीला कचेरीची वाट तुडवावी लागते. पिकाच्या विम्याला हंगामाची शेवटची तारीख असते. आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर काही दिवसांची सवलत असते, आणि नंतरही ठराविक काळात पॉलिसी पुन्हा चालू करता येते. पुष्कळजण हे न विचारताच 'बुडाली' म्हणून सोडून देतात. विचारावे. संपलेली प्रत्येक मुदत कायमची संपलेली असतेच असे नाही.

आणि शिक्षकांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना एक वही करायला सांगा. घरातल्या कागदांपैकी कोणता कागद कधी संपतो, एवढेच तिच्यात लिहायचे. ज्या आजीला वाचता येत नाही तिचा कागद शेजारच्या मुलाने वाचून दाखवायचा. पूर्वी गोतसभेत सारा गाव बसून एकमेकांचे हक्क आठवणीत ठेवी. ती सभा आता राहिली नाही. पण तिची आठवण ठेवायची रीत शाळेतल्या वहीत उतरू शकते. गावाला तारखा ठाऊक असल्या, म्हणजे मुदत ठरवणाऱ्यालाही, 'ही तारीख तुम्ही आम्हांला केव्हा कळवली?' असा प्रश्न ऐकावा लागतो.